म्हाळूनं नवरदेव पक्का बसवला

एका गावात एक भोळा जावई येऊन राहिला होता. त्याचं नाव म्हाळू. सांगितलेलं तो कधी विसरत नसे. पंचाईत तीच होती.

त्याच्या मेहुणीचं, मैनाचं लग्न होतं. गावची रीत अशी, की नवरदेव आधी घोड्यावरून मारुतीच्या पाया पडायला जाणार, मग मांडवात येणार. पण घोडेवाल्यानं ऐन वेळी दुसऱ्या लग्नाची सुपारी घेतली.

सासरे म्हणाले, "जावईबापू, तुमची मोटरसायकल सजवा. तुम्हीच नवरदेवाला आणा. पण गोरज मुहूर्त चुकता कामा नये."

बायको, केसर, हळूच म्हणाली, "अहो, गॅरेजवाल्या बशीर मिस्त्रींना विचारून करा हं. माझं माहेर आहे हे."

म्हाळूनं पहिल्यांदा मोठा हॉर्न बसवला. वायर सरळ बॅटरीला जोडली. हॉर्न वाजायला लागला तो थांबेचना. म्हशी दावी तोडून पळाल्या. जेवती पंगत उठली.

बशीर मिस्त्री धावत आले. "अरे बाबा, मध्ये बटण घालावं! दाबलं तरच चालू व्हायला हवं."

"असं होय," म्हाळू म्हणाला.

मग त्यानं मागचा ब्रेकचा दिवा बसवला. मध्ये आठवणीनं बटण घातलं. रस्त्यात कोंबडी आडवी आली. म्हाळूनं ब्रेक दाबला. बटण दाबायला हात कुठला? मागून दूधवाला किसन सायकल आणि कॅनसकट त्याच्या पाठीवर आला.

मिस्त्री म्हणाले, "ह्याला बटण कशाला? ब्रेकलाच जोड की! ब्रेक दाबला की दिवा लागला पाहिजे."

"असं होय," म्हाळू म्हणाला.

मग त्यानं पुढचा जादा दिवा बसवला. तो ब्रेकला जोडला. दिवेलागणीला जिलबी आणायला निघाला. ब्रेक दाबला की रस्ता दिसे, पण गाडी थांबे. ब्रेक सोडला की गाडी चाले, पण रस्ता जाई. थांबत, बघत, थांबत, बघत तो ओढ्यापर्यंत गेला. ओढ्यापाशी थांबायचं राहिलं.

गाडी बाहेर काढली तेव्हा सगळ्या वायरी लोंबत होत्या. मिस्त्रींनी कपाळाला हात लावला. सगळे दिवे पुन्हा स्वतः जोडून दिले आणि पिशवीभर टेप म्हाळूच्या हातात ठेवली. "हे बघ, गाडीवर काहीही चढवलं की आधी घट्ट आवळायचं, वर टेप गुंडाळायची. खड्डा आला तरी सुटता कामा नये."

"असं होय," म्हाळू म्हणाला.

लग्नाच्या दिवशी केसरनं स्वतः हॉर्न वाजवून पाहिला. दिवे लावून पाहिले. सगळं ठीक होतं. सुटकेचा निःश्वास टाकून ती आरतीचं ताट करायला आत गेली.

नवरदेव चंद्रहास, तलाठी माणूस, अगदी नम्र. तो गाडीवर मागं बसला. म्हाळूनं टेप काढली. पाय फूटरेस्टला आवळले. कंबर कॅरिअरला आवळली. पिशवी रिकामी झाली तेव्हा कुठं थांबला.

चंद्रहासला वाटलं, सासरची रीत असेल. वरमाईला वाटलं, मुलीकडची रीत असेल. मुलीकडच्यांना वाटलं, वरमाईनंच सांगितलं असेल. नव्या सोयरिकीत विचारायचं कुणी?

मारुती झाला. खड्डे झाले. नवरदेव हलला नाही. सूर्य टेकता टेकता गाडी मांडवापुढं आली.

"उतरा, पाव्हणं," सासरे म्हणाले.

"कसा उतरू?" चंद्रहासनं विचारलं.

चाकू आला, विळी आली. टेप काही संपेना. भटजी ओरडले, "मुहूर्त टळत चालला! आहे तसा आणा!"

मग आठ जणांनी नवरदेव मोटरसायकलसकट उचलून बोहल्यावर ठेवला. अंतरपाट धरला. मंगलाष्टकं झाली. अक्षता टाकीवर ताडताड वाजल्या. मैनानं टाचा उंचावून हार घातला. केसरनं तोंडात पदर कोंबला होता. ती रडतेय का हसतेय, कुणाला कळेना.

म्हाळू मात्र खूश होता. मुहूर्त साधला होता.

भटजींनी नवरानवरीच्या शेल्यांची गाठ मारली. म्हाळूनं पुढं होऊन ती ओढून पाहिली.

"भटजी, हा जोड सैल आहे," तो म्हणाला, "मिस्त्रींकडून अजून टेप मागवा."