परातीतलं स्टेडियम

टीव्हीला चार पाय असायचे आणि खाऊला वाचा, तेव्हाची ही गोष्ट. फुटबॉलच्या सामन्याला पाहुणे यायचे म्हणून द्वारकाकाकूंनी परातीत स्टेडियम उभारलं. मधे तळलेल्या मटारांचं मैदान, भोवती शंकरपाळ्यांच्या पायऱ्या आणि वर उभ्या चकल्यांचा कठडा.

सगळ्यात उंच चकलीने खाली पाहिलं आणि ती थक्क झाली. काल डब्यात एकमेकींना ढोसत होतो, त्या आपणच का या?

पाहुणे आले, तेही बघतच राहिले.

"घ्या ना, भाऊजी."

"आधी वहिनींना द्या. एवढं देखणं मोडवत नाही हो."

असं करत मध्यंतर झालं, तरी कुणी हात लावला नाही. खिडकीतून खाडीची दमट हवा येत होती.

"आपण सादळतोय रे," चकली शंकरपाळ्याला म्हणाली.

"गप गं. देवासारखे बघतायत आपल्याकडे."

"आणि उद्या म्हशीपुढे टाकतील."

चकलीने अंग सैल सोडलं. ती परातीच्या काठावरून घरंगळत थेट भाऊजींच्या मांडीवर पडली. सामन्याच्या नादात त्यांनी ती उचलून तोंडात टाकली.

कुर्रर्र झालं. सगळ्यांनी वळून पाहिलं आणि परातीत एकदम नऊ हात शिरले.

आपला आवाज एवढा मोठा असेल, असं चकलीला कधी वाटलंच नव्हतं.