चावडीतली कुदळ

त्याला आता पुष्कळ काळ लोटला. तेव्हा राजा कोण होता ते आठवत नाही, आणि आठवून उपयोगही नाही. डोंगराच्या कुशीत एक गाव होतं, त्या गावाची ही गोष्ट. लहानांनी ऐकावी, मोठ्यांनी तर कान उघडे ठेवून ऐकावी. मधेच कुणाला काही बोलावंसं वाटलं तर खुशाल बोला. माझ्या हाताशी कुदळ नाही.

कुदळीचं काय म्हणता? सांगतो.

गावाच्या चावडीत एक कुदळ ठेवलेली असायची. पाटलाच्या आजानं ती तिथं आणली. म्हातारा भला माणूस. चावडीत बसून नुसतं कुरकुरणाऱ्यांचा त्याला वीट आला होता. वाट खचली, पार ढासळला, अमकं झालं, तमकं राहिलं. बोलायला सगळे, उठायला कोणी नाही. तेव्हा त्यानं रीत घातली, की जो उणीव दाखवील त्याच्या हाती कुदळ द्यायची. पण म्हातारा स्वतः दुसरी कुदळ खांद्यावर टाकून त्याच्याबरोबर निघायचा. मग लाजेकाजेनं सगळा गाव मागोमाग यायचा आणि काम हां हां म्हणता उरकायचं.

म्हातारा गेला आणि नातू पाटील झाला. त्यानं रीत तेवढी ठेवली, दुसरी कुदळ माळ्यावर टाकली.

आता चावडीत कोणी तोंड उघडलं, की पाटील बसल्या जागेवरून कुदळ पुढं सरकवायचा. "बोललास ना? घे. तूच कर." बोलणारा एकटा जायचा, बाकीचे तंबाखू मळत बघत बसायचे. हळूहळू तक्रारी बंद झाल्या. पाटील पाहुण्यांना छाती फुगवून सांगायचा, "आमच्या गावात औषधाला तक्रार सापडायची नाही!"

अरे, सापडेल कशी? भोकं बुजली नव्हती, तोंडं बुजली होती! एवढं साधं त्याला कळू नये? पण खरं सांगू, कळत होतं. न कळल्यासारखं करणं सोयीचं होतं, म्हणून तो तसं करत होता.

त्या गावात सगुणा नावाची एक बाई राहायची. नवरा वारलेला, मूलबाळ नाही. ओढ्याच्या वर एक वावर होतं, ते ती एकटीनं कसायची. भावानं बोलावलं होतं, पण भावजयीच्या चुलीशी मिंधं होऊन बसायचं तिच्या जिवावर आलं होतं. वावर पिकत होतं तोवर ती कुणाची मिंधी नव्हती. पेरायला बी उरलं नाही, की वावर पडीक. वावर पडीक, की भावाचं दार. म्हणून ज्वारीचं बियाणं ती पोटच्या पोरासारखं जपायची.

आदल्या साली ती चावडीसमोर उभी राहून बोलली होती. पाण्याच्या विहिरीची पायरी हलत होती, बायका घसरत होत्या. पाटलानं कुदळ सरकवली. सगुणानं एकटीनं दगड बसवले, हाताची सालटं निघाली, आणि त्यापायी तिची खुरपणी मागं पडली. पीक निम्मं आलं. त्या पायरीवरून अख्खा गाव पाणी भरत होता. बरं झालं बाई, असं एकाही तोंडातून निघालं नाही. तेव्हापासून सगुणाही मूग गिळून बसायला शिकली.

अशात पाटील राजधानीला जाऊन आला. तिथं त्यानं राजाचं भलंमोठं कोठार पाहिलं आणि त्याचे डोळे दिपले. आल्या आल्या त्यानं चावडी भरवली.

या गावात धान्य पेवात ठेवायचे. पेव म्हणजे जमिनीत खणलेला खोल खड्डा. आतून कडबा लावायचा, ज्वारी भरायची, तोंडावर शिळा ठेवून मातीनं लिंपायचं. ज्याची त्याची लहान लहान पेवं वरच्या मुरमाड टेकाडावर होती. तिथं पाण्याचा थेंब ठरत नसे.

पाटील म्हणाला, "हे गबाळं बंद करा. सगळ्या गावाचं मिळून एकच मोठं पेव. पावसाळ्यापुरती घरात ठेवा, बाकी खायची ज्वारी, पेरायची ज्वारी, सगळी त्यात. आणि पेव खणायचं इथं, चावडीसमोर. राजाचा माणूस आला की पहिल्या पावलाला त्याला दिसलं पाहिजे."

चावडीसमोर! अहो, ती जागा म्हणजे खळगा होता. उन्हाळ्यातसुद्धा तिथं गावच्या म्हशी लोळायच्या. न लावता अळू उगवायचं. पोरं तिथली ओली माती घेऊन बैल करायची. कुणा शहाण्यानं येऊन सांगावं असं त्यात काहीच नव्हतं. शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं, की इथं खालून पाणी लागतं. पाटलाला ठाऊक नव्हतं? दर पावसाळ्यात त्याच्याच वहाणा तिथं रुतायच्या!

"कुणाला काही म्हणायचंय?" पाटलानं विचारलं, आणि हात कुदळीवर ठेवला.

जो बोलेल त्यानं टेकाडावर जाऊन गावाचं पेव एकट्यानं खणायचं, हे सांगायची गरज नव्हती. सगळ्यांनी माना डोलावल्या. एकजण तर म्हणाला, "जागा झकास आहे, पाटील." म्हणे झकास!

घरी जाताना सगुणानं शेजारच्या भिवाकाकांना गाठलं. "काका, तिथं पाणी लागतं ना?"

"लागतं की."

"मग बोला की तुम्ही. तुमचं ऐकतील."

"ऐकतील गं, पण कुदळही देतील. माझी पाठ बघतेस ना? तूच का नाही बोलत?"

सगुणानं आपल्या तळव्यांकडं पाहिलं. फाल्गुनात तिनं आपली ज्वारी डोक्यावरून नेली आणि त्या पेवात ओतली.

पावसाळा नेहमीसारखाच आला आणि नेहमीसारखाच गेला. हस्ताचा पाऊस उघडल्यावर शाळू, म्हणजे हिवाळी ज्वारी, पेरायचा म्हणून गाव पेवाशी जमला. शिळा सरकवली तशी अशी काही आंबूस घाण सुटली, की लोकांनी तोंडाला पदर आणि उपरणी लावली. टोपलं सोडून वर ओढलं, तर त्यात काळा चिखल. खालपर्यंत तेच. पुढच्या सुगीपर्यंतचं अन्न गेलं, आणि बी म्हणून दाणा राहिला नाही.

बायका मटकन खाली बसल्या. पाटील लाल झाला. काय म्हणाला असेल? "इथं पाणी लागतं, हे कुणाला ठाऊक होतं?"

पुन्हा सगळे गप्प. आता बोलेल त्याला गावाचं बियाणं आणावं लागणार, हे हिशेब त्याही घडीला डोक्यात चालू होते. लाज वाटते मला हे सांगताना.

पण सगुणाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "कुणाला म्हणजे? सगळ्यांना ठाऊक होतं! भिवाकाकांना होतं, मला होतं, पाटील, तुम्हाला होतं! माझं वावर गेलं आता. कशासाठी? तुमची कुदळ चुकवावी म्हणून!"

पाटलानं तिच्याकडं पाहिलं, वाकला, आणि कुदळ पुढं सरकवली. "बोललीस ना? मग गावाचं बियाणं तूच आण."

आणि गाव? गावानं सुटकेचा श्वास टाकला. हो, चक्क टाकला! त्या काळ्या चिखलाच्या काठावर उभं राहून त्यांना बरं वाटलं, की आपण नाही, ती सापडली. चिखलाचं एक वेळ समजू शकतो मी. त्या सुटकेच्या श्वासाची मात्र मला शिसारी येते.

सगुणानं कुदळ उचलली आणि नदी उतरून पलीकडच्या गावात गेली. तिथंही पेव उघडलं होतं. एक गडी दोराला धरून आत उतरायच्या बेतात होता. सगुणाची नजर दोरावर गेली आणि ती ओरडली, "थांबा! दोर विरलाय!"

बोलून गेली आणि चपापली. मग सवयीनं हातातली कुदळ खाली ठेवून तिनं दोन्ही हात पुढं केले.

तिथला म्हातारा मुखिया बुचकळ्यात पडला. "हात कशाला पुढं करतेस, बाई?"

"बोलले ना मी. दोर आता मलाच वळायचा असेल."

"तू कशाला? गाव काय मेलंय का?" म्हाताऱ्यानं दोर उजेडात धरून पाहिला, दुसरा आणवला आणि म्हणाला, "बरं झालं बोललीस, पोरी. माणूस वाचला."

सगुणाला हुंदका आवरेना. मग तिनं सगळी हकीकत सांगितली. मुखियानं लोकांना विचारलं. कोणी हो म्हणालं, एकानं आपल्याला बी कमी पडेल असं बजावलं, मग किती द्यायचं यावर बोलणं झालं, आणि ठरलं. मुखिया म्हणाला, "तुमच्या गावाला पुरेल एवढं बियाणं देतो. पण एकटी काय काय नेशील? निरोप धाड, गाड्या येऊ देत. जमिनीत वाफसा, पेरण्याजोगी ओल आहे तोवर मात्र आल्या पाहिजेत."

बांगड्या विकणारा एक कासार तिकडंच निघाला होता. त्यानं सगुणाचा निरोप चावडीत पोचवला. "बी मिळालंय. गाड्या घेऊन या, लवकर या."

चावडीत सगळे एकमेकांकडं बघू लागले. चला, जाऊ या, एवढंच म्हणायचं होतं. पण जो म्हणेल त्याच्याच गाड्या, त्याचेच बैल, त्याचीच खेप! कुदळ तर सगुणा घेऊन गेली होती, जागा रिकामी होती. तरी सगळे त्या रिकाम्या जागेकडं बघत गप्प बसले. पाटीलही गप्प. दुसऱ्या दिवशी पुन्हा चावडी भरली आणि पुन्हा तशीच उठली. इकडं जमिनीतली ओल उडत चालली होती.

नदीपलीकडं सगुणा रोज वाटेकडं डोळे लावून बसायची. गाड्या आल्या नाहीत. शेवटी तिनं आपल्या वावरापुरतं बी गाठोड्यात बांधलं, डोक्यावर घेतलं, काखेत कुदळ मारली, आणि परतली. थेट वावरात गेली. होती नव्हती तेवढ्या ओलीवर तिनं पेरलं.

काही दिवसांनी सगळ्या शिवारात एकच वावर हिरवं दिसू लागलं. बाकी जमीन भेगाळली. तेव्हा पाटील चावडीत उभा राहिला आणि छाती पिटून ओरडला, "अरे, शिवार पडीक राहिलं! गाव उपाशी मरेल!"

जन्मात पहिल्यांदा पाटलाच्या तोंडून उणीव निघाली होती.

सगुणा गर्दीतून पुढं आली. तिनं कुदळ जमिनीवर ठेवली आणि पायाजवळून त्याच्यासमोर सरकवली. "बोललात ना, पाटील? घ्या."

पाटलानं गावाकडं पाहिलं. भिवाकाकांनी मान फिरवली. जागा झकास म्हणणारा तंबाखू मळू लागला. एकही माणूस उठला नाही. पाटलानंच शिकवलं होतं त्यांना तसं. त्यानं कुदळ उचलली आणि वाळून खडक झालेल्या रानात तो एकटा घाव घालत राहिला. पेरायला त्याच्याकडं दाणाही नव्हता.

थंडी सरायच्या आत माणसं परमुलखात मजुरीला पांगली. घरांना कड्या लागल्या. सगुणानं तेवढी आपली कणसं खुडली, आणि त्या ज्वारीचं बी वरच्या मुरमाड टेकाडावर आपल्या जुन्या पेवात भरलं.

म्हणून सांगतो, लक्षात ठेवा: चूक दाखवणाऱ्याच्याच माथी चूक मारली, की चुका संपत नाहीत, दाखवणारे संपतात.