कासारणीची मोटारसायकल

नदीच्या अलीकडच्या काठाला एक गाव होतं आणि त्या गावात एक कासारीण राहत होती. मालन तिचं नाव. विंचवाला ती भ्यायची नाही, अंधाराला भ्यायची नाही, आणि सासूला तर मुळीच नाही. तिला भीती वाटायची ती फक्त आपल्याच अंगणात उभ्या असलेल्या मोटारसायकलीची.

हसताय ना? हसा. पण किक मारायच्या आधी पोटात गोळा कसा येतो, ते ज्याचं त्यालाच ठाऊक.

गाडी मुळात तिच्या नवऱ्याची. मागे बांगड्यांची पेटी बांधून तो नदीकाठची सगळी गावं हिंडायचा. पलीकडच्या गावात लग्न असलं की मात्र मागे त्याची आई बसायची आणि पेटी तिच्या मांडीवर. कारण त्या गावचा एक रिवाज होता. हळद लागायच्या आधी नवरीला हिरवा चुडा भरायचा, आणि तो दोन्ही हातांत एकाच वेळी भरायचा. म्हणून माणसं दोन लागायची. एका हाताला कासार, दुसऱ्या हाताला त्याची म्हातारी आई.

मग एके दिवशी विहिरीच्या पायरीवरून कासाराचा पाय घसरला आणि मांडीचं हाड मोडलं. डॉक्टरांनी सांगितलं, वर्षभर गाडीचं नाव काढायचं नाही. म्हातारीचे गुडघे तर कधीच गेलेले, दोन शेतांपलीकडे तिला चालवत नव्हतं. पलीकडच्या गावातली दोन लग्नं चुकली. दोन्ही नवऱ्या सुन्या हातांनी हळदीला बसल्या. त्यानंतर निरोप आला, की वैशाखात सुताराच्या लेकीचं लग्न आहे, दुपारी हळद आहे, या वेळीही चुकलात तर गाव बाजारातला कासार लावून घेईल, मग आमच्यावर रुसू नका.

निरोप ऐकून घरात कुणी जेवलं नाही. ते गाव सगळ्यांत मोठं. ते गेलं की बाकीची गावंही त्याच वाटेने जाणार, हे न कळण्याइतकं दूधखुळं त्या घरात कुणी नव्हतं. आणि बांगड्या भरण्यावाचून त्या घराला दुसरं काही येतही नव्हतं.

तेव्हा गाडी मालनने शिकायची असं ठरलं. ठरवलं सासूने. मालनला विचारायच्या भानगडीत ती पडलीच नाही.

शाळेच्या मैदानावर शिकवणी सुरू झाली. कासार कट्ट्यावर बसून काठीने खुणा करायचा, क्लच हळू सोड, रेस एकसारखी दे, वाळूत पहिला गिअर सोडू नको. येणारा-जाणारा प्रत्येकजण एक सल्ला टाकून जायचा, आणि सगळ्यांचा सल्ला एकच, हँडल घट्ट धर. ज्यांनी जन्मात सायकलसुद्धा चालवली नव्हती तेही सांगायचे, घट्ट धर बाई, सोडू नको. मालन धरायची. इतकं घट्ट धरायची की संध्याकाळी भाकरी थापताना बोटं वळायची नाहीत.

चार दिवसांत मैदानावर गोल फेऱ्या जमल्या. पाचव्या दिवशी ती रस्त्यावर आली आणि पिठाच्या गिरणीसमोर वळताना आडवी झाली. लागलं फारसं नाही, कोपर तेवढं खरचटलं. पण दळणाचे डबे घेऊन बसलेल्या बायका हसल्या आणि गिरणीवाल्याने नीट बघता यावं म्हणून गिरणी बंद केली. ते मात्र तिला लागलं.

त्या दिवसापासून भीतीने तिच्या घरात बस्तान बसवलं. सकाळी उठून ती आधी चाकाकडे बघायची, हवा गेलेली असेल तर बरं म्हणून. किक बसली नाही की तिला हायसं वाटायचं. उतार आला की खाली उतरून गाडी हाताने न्यायची आणि कुणी विचारलं तर पेट्रोल वाचवतेय म्हणून सांगायची. बाहेर पडायच्या आधी मनातल्या मनात ती इतक्या वेळा पडायची, की खरी गाडी सुरू करेपर्यंत अंगातलं बळच संपलेलं असायचं. नवऱ्याला म्हणायची, भीती जरा कमी झाली की जाईन नदीपर्यंत. नवराही म्हणायचा, बरं. असे पंधरा दिवस गेले आणि भीती काही कमी झाली नाही. अंगणात बसून ती कशाला कमी होईल?

हळदीचा दिवस उजाडला. सासूने पेटी भरली. चुड्याला लागतील त्याहून चार डझन बांगड्या जास्तीच्या घेतल्या, टिचू नयेत म्हणून त्यांच्या माळांमध्ये चिंध्या कोंबल्या आणि गाडीवर एका अंगाला जाऊन बसली. मालनने पदर खोचला. हँडल तिने नेहमीपेक्षाही आवळून धरलं.

गावाबाहेरचा सपाट रस्ता कसाबसा पार पडला. पुढे ओढ्याचा उतार आला. तिथे ती गाडी थांबवून खाली उतरली. तेवढ्यात गवताचा भारा घेऊन एक माणूस आला, तिची अवस्था बघून त्याने भारा खाली ठेवला आणि म्हणाला, द्या वहिनी, मी काढून देतो पलीकडे. मालनने ताबडतोब गाडी त्याच्या हातात दिली. त्याने ती भुर्रकन ओढ्यापार नेऊन लावली आणि आपल्या वाटेने निघून गेला. सासू काठी टेकत मागून आली. मालनला वाटलं होतं आता बरं वाटेल, पण बरं काही वाटलं नाही. उलट पुढच्या नदीची भीती दुप्पट झाली, कारण तिथे कोण भेटणार याचा आता तिला घोर लागला.

नदीवर कुणी नव्हतं, आणि पूल इतक्या लांबच्या वळशावर होता की तिकडून गेलं तर हळद चुकली असती. उन्हाळ्याची नदी ती, मधोमध घोट्याएवढी पाण्याची धार आणि अलीकडे-पलीकडे नुसती वाळू, शे-दीडशे पावलांची. मालनने गाडी थांबवून सगळीकडे बघितलं. दूर एक म्हैस बसली होती, तिचा काही उपयोग नव्हता.

ऊन चढायला लागलं होतं. सासू म्हणाली, चल. मालनने पहिला गिअर टाकला आणि गाडी वाळूत घातली. चाक वाळूत शिरल्याबरोबर हँडल हलायला लागलं, जरा डावीकडे, जरा उजवीकडे.  मालनने दात घट्ट मिटून हँडल सरळ दाबून धरलं. ते जास्तच हिसके द्यायला लागलं, तिने आणखी आवळलं, आणि दहा पावलांवर गाडी सावकाश कलली. मोटारसायकल वाळूत, मालन वाळूत, आणि पेटी दोन्ही हातांनी डोक्यावर उचलून धरलेली सासूही वाळूत.

लागलं कुणालाच नाही. पण पेटीत खळ्ळ झालं ते दोघींनी ऐकलं. सासूने झाकण उघडलं, माळा चाचपल्या आणि म्हणाली, सात वाढवल्या. कासाराच्या घरी बांगडी फुटली असं म्हणत नाहीत, वाढवली म्हणतात. मालनला मात्र रडू फुटलं. पंधरा दिवस जे व्हायला नको म्हणून ती देव पाण्यात घालून बसली होती, तेच झालं होतं.

ती उठून गाडीचं हँडल धरायला गेली, तर बोटं उघडेनात. मुठी अजून तशाच वळलेल्या, जणू त्यांत हँडल होतंच.

"आत्या, मला नाही जमायचं," ती म्हणाली. "माझे हातच माझं ऐकत नाहीत."

सासू वाळूतच बसून होती. तिने मालनचा हात ओढून आपल्या मांडीवर घेतला. गिऱ्हाइकाचा घेतात अगदी तसा घेतला. अंगठा तळव्यात दाबला, एकेक बोट चोळून मोकळं केलं, मनगट हलवून बघितलं.

"असला हात माझ्यापुढे आला असता तर मी एकसुद्धा बांगडी चढवली नसती," ती म्हणाली. "एवढ्या ताठ हातावर बांगडी टिचते. पोरी भितात, हात आवळतात, आणि मग काच त्यांनाच लागते. गाडीतलं मला काही कळत नाही. पण तू तिला आवळून धरलंयस, एवढं मला मागून दिसतंय."

"सैल सोडलं तर पडेन की."

"आणि घट्ट धरून काय केलंस?"

 मालनने डोळे पुसले. मग तिने विचारलं, की तुम्हाला नाही का भीती वाटत? सासू म्हणाली, वाटते की, मघाशी तुझ्या पाठीला लागून मी काय हसत होते का?

हे ऐकून मालनला बरं वाटलं. इतके दिवस सगळे तिला भिऊ नको म्हणून सांगत होते, मी पण भितेय असं पहिल्यांदाच कुणीतरी म्हणत होतं. दोघींनी मिळून गाडी उभी केली. चालत निघावं तर सासूच्या गुडघ्यांनी पलीकडचं गाव संध्याकाळपर्यंत आलं नसतं. मालनने दोन्ही हात झटकले, श्वास घेतला आणि किक मारली.

या वेळी तिने हँडल नुसतं हातात ठेवलं, पाखरू धरावं तसं. चाक वाळूत शिरलं आणि हँडल हललं.  सवयीने मुठी आवळायला लागल्या, तिने त्या सोडल्या. पुन्हा आवळल्या, पुन्हा सोडल्या. हँडल जरा डावीकडे गेलं आणि आपलं आपण परत आलं. उजवीकडे गेलं, तिथूनही परत आलं. तिने काहीच केलं नव्हतं, फक्त रेस एकसारखी ठेवली होती आणि समोरच्या काठावरच्या करंजाच्या झाडाकडे बघत होती. पाण्याच्या धारेत पाय भिजले. मागे सासू मोठ्याने देवाचं नाव घेत होती, तिला थांबवायला मालनला सवड नव्हती. करंजाचं झाड जवळ आलं, आणखी जवळ आलं, आणि चाकाखाली कडक जमीन लागली.

मालनने गाडी थांबवली आणि तिथेच थरथर कापली. भीतीचं असंच असतं, संकट टळलं की तिला जोर येतो.

हळदीची भांडी मांडवात आली तेव्हा या दोघी सुताराच्या अंगणात पोचल्या. सुताराची लेक पाटावर बसून रस्त्याकडे डोळे लावून होती. एका हाताला सासू बसली, दुसऱ्या हाताला मालन. सात बांगड्या कमी होऊनही चुडा भरून उरल्या. चुडा भरून झाल्यावर नवरीने दोन्ही हात हलवून बघितले आणि मालनला वाकून नमस्कार केला. गावच्या म्हाताऱ्यांनी तिथल्या तिथे सांगून टाकलं, की आपला कासार तोच राहील. मालनने मान खाली घातली, कारण तिला पुन्हा रडू येत होतं.

गोष्ट इथे संपली असती तर सोपं होतं. पण खरी परीक्षा अजून व्हायची होती.

ऊन कलल्यावर नवरीचा मामा आला. म्हणाला, आमचा टेम्पो लांबच्या सडकेने, पुलावरून तुमच्याच गावाला निघालाय. मोटारसायकल मागे चढवतो, तुम्ही दोघी पुढे बसा, आरामात जाल. माणूस भला होता, मनापासून सांगत होता. सासूची कंबर सकाळपासून ठणकत होती. तिने टेम्पोकडे बघितलं, मग सुनेकडे बघितलं, आणि नेहमी सगळं आपणच ठरवणारी ती बाई या वेळी गप्प राहिली.

मालनच्या मनात आलं, बसावं. आता कुणाची हळद थांबलेली नव्हती. गाव हातचं गेलं नव्हतं. सकाळी वाळूत जावंच लागलं म्हणून गेलो, आता कुठे लागतंय? नुसत्या विचाराने तिचे खांदे सैल झाले. आणि त्याच वेळी तिला ओढ्यावरचा तो गवतवाला आठवला, त्याने गाडी पार करून दिल्यावर आपल्याला कसं वाटलं होतं तेही आठवलं.

"नको मामा," ती म्हणाली. "आज टेम्पोत बसले तर उद्या मला पुन्हा पहिल्यापासून घाबरावं लागेल."

नदी सकाळी होती तेवढीच होती. वाळूही तेवढीच. भीतीही तेवढीच, आणि क्षणभर मालनला आपल्या शहाणपणाचा पश्चात्तापही झाला. पण तिने हात झटकले आणि गाडी वाळूत घातली. फार देखणं काही झालं नाही. दोनदा पाय टेकले, एकदा पाण्यात गाडी बंद पडली आणि पाण्यात उभं राहूनच किक मारावी लागली. पण पडली नाही. ओढ्याचा चढ आला तेव्हा कुणी माणूस दिसतोय का हे बघायचं तिच्या ध्यानातही आलं नाही.

कासार अंगणात बाजेवर वाट बघत बसला होता. सगळं ऐकून झाल्यावर त्याने विचारलं, की मग गेली का तुझी भीती?

"गेली नाही," मालन म्हणाली. "सकाळी या बाजेएवढी होती. आता पेटीएवढी आहे. पेटी मला गाडीला बांधता येते."

या गोष्टीतून गाठीला बांधायचं ते एवढंच: भीती गेली की निघू म्हणणारा अंगणातच राहतो. म्हणून भीत भीत का होईना, एकदा निघावं, आणि कुणाची सक्ती नसताना दुसऱ्यांदाही निघावं, कारण धीर त्या दुसऱ्या फेरीत आपला होतो.