काहिलीच्या तळाशी डावभर पिठलं

रंगारीपुऱ्यात भाजी विकायला राजा दुर्गसेनाची सक्त बंदी होती. कारण एवढंच, की एकदा राजा पायी मिरवत त्या गल्लीतून चालला असताना पालकाच्या देठावरून त्याचा पाय घसरला आणि तो सगळ्यांदेखत धपकन बसला. गल्ली हसली. दुसऱ्या दिवसापासून भाजी फक्त महालाच्या दाराशी, मंडईत. मंडई नगराच्या वरच्या टोकाला आणि रंगारीपुरा पार खाली. कापडं रंगवून, हात धुऊन माणसं वर पोचेपर्यंत चांगली भाजी वरच्यांच्या घरी शिजूनही झालेली असायची. गल्लीत मिळायचं ते पीठ, तेल, तिखट आणि तळलेली शेव.

या गल्लीत भिवरा राहायची. काळजी करण्यात तिचा हात कोणी धरला नसता. मूल शिंकलं की ही वैद्याच्या दारात, आणि शिंकलं नाही तरी दारात, की शिंकत का नाही म्हणून. ती लांबून येताना दिसली की वैद्य पडवीतून उठून आत जायचा. पण या खेपेला त्यानं तिच्या लेकीचे, मैनेचे फुटलेले ओठ पाहिले आणि हिरड्यांतून येणारं रक्त पाहिलं. पोरीला रोज ताजी पालेभाजी पाहिजे म्हणाला. दुसरं औषध नाही.

भिवरा तडक दरबारात गेली. म्हणजे निघाली तडक, पण चूल विझवली का ते बघायला वाटेतून एकदा परत आली. राजापुढे उभी राहिल्यावर पाठ करून आणलेलं सगळं विसरली आणि नुसतं पोरीचं तोंड कसं झालंय ते सांगत सुटली. राजाला वाईट वाटलं. पण तो पडलेला माणूस, आणि पडल्यावर लोक ज्याला हसले असा माणूस. हुकूम मागे घ्यायचा तर काहीतरी निमित्त हवं होतं.

"उद्या दिवस मावळायच्या आत रंगारीपुऱ्यात घरोघरी पालेभाजी शिजू दे," तो म्हणाला. "पण ती कोणी विकायची नाही, तुम्ही विकत घ्यायची नाही, मागायची नाही आणि चोरायचीही नाही. जमलं तर बंदी उठवीन. नाही जमलं तर हे गाऱ्हाणं पुन्हा माझ्या कानावर यायचं नाही."

भिवरा 'हो' म्हणाली. घाबरली की तिच्या तोंडून हो निघून जायचं. तिचं लग्नही असंच ठरलं होतं.

घरी येऊन ती डोक्याला हात लावून बसली. शेजारच्या ठकूकाकू दारातून डोकावल्या.

"भिवरे, तुझी वाटी कधीची माझ्याकडे पडलीय गं. पण रिकामी कशी परत देऊ? आत घालायला घरात काही नाही बघ."

"राहू द्या हो काकू," म्हणता म्हणता भिवरा थांबली. "काकू, रिकामं भांडं कोणीच परत देत नाही का?"

"घरंदाज असेल तो नाही देत."

सकाळी उठून भिवरेनं पिठलं केलं. तिचं पिठलं गल्लीत नावाजलेलं होतं. त्यातल्या गुठळ्या दातानं फोडाव्या लागत, आणि तिचा नवरा येसाजी ते डोळे मिटून गिळायचा. त्यातलं डावभर तिनं कापड रंगवायच्या काहिलीत ओतलं. काहील म्हणजे केवढी, तर चार माणसं आत मांडी घालून जेवतील एवढी. रंगाऱ्यांनी ती घासूनपुसून खांद्यावर घेतली आणि वरात महालाच्या दाराशी गेली. भिवरेनं राणीसाहेबांना निरोप धाडला, की रंगारीपुऱ्यातून खाऊ आणलाय, गोड मानून घ्यावा.

पिठलं काढून घेतलं आणि महालात गडबड उडाली. भांडं रिकामं कसं द्यायचं? राणीसाहेबांनी लाडू घालायला सांगितले. डबाभर लाडू तळाशी गडगडत एका कडेला जाऊन बसले, आणि काहील आणखीच रिकामी दिसू लागली. राणीसाहेबांना शरम वाटली. पण एवढं मोठं भांडं भरेल असं महालात होतं काय? मंडईतून रोज सरकारी वाटा म्हणून येणारी भाजी तेवढी होती. मेथी, पालक, चाकवत, लाल माठ, जुड्यांवर जुड्या पडल्या तेव्हा कुठे काहील काठोकाठ भरली. खांदा देणारे रंगारी पुन्हा वाकले.

तेवढ्यात राजा बाहेर आला.

"ही तर भीक झाली," तो म्हणाला.

"महाराज, भीक मागणारी रिकामं भांडं घेऊन येते. मी घालून आणलं."

"एवढ्या काहिलीत डावभर पिठलं?"

"आम्ही आमच्या ऐपतीनं घातलं, महालानं महालाच्या ऐपतीनं. मी तर तोंडातून शब्द काढला नाही, राणीसाहेबांना विचारा."

राणीसाहेब पदराआड हसत होत्या. राजानं पिठलं मागवलं, बोटावर घेतलं, चाखलं, आणि बराच वेळ नुसता चघळत राहिला.

"बाई, हे केलं कोणी?"

"मीच, जी. कोथिंबीर असती तर थोडंफार झाकलं गेलं असतं."

राजा खो खो हसला. गल्ली हसली होती तेव्हापासून तो एवढा हसला नव्हता. त्यानं तिथल्या तिथे बंदी उठवली, रंगारीपुऱ्याच्या तोंडाशी रोज सकाळी भाजीबाजार भरवायचा हुकूम दिला, देठं उचलायला झाडूवाला नेमला. वर भिवरेला चांदीचं वाडगं दिलं, कोथिंबिरीनं भरलेलं.

भिवरेनं ते कपाळाला लावलं. मग तिच्या कपाळावर आठी पडली, काळजीची.

"आता काय झालं?" राजानं विचारलं.

"काही नाही महाराज. वाडगं रिकामं कसं परत द्यायचं? उद्याच पिठलं घालून आणते."

राजानं दोन्ही हात जोडले.

"वाडगं तुझ्याकडेच ठेव, माझे आई!"