केरबा पहिल्यापासून सुरू करतो

त्या दिवशी वाऱ्याचा पत्ता नव्हता. चैत्रातलं ऊन असं तापलं होतं की जत्रेतल्या फुग्यांनीसुद्धा माना टाकल्या होत्या. सगळं गाव सावलीला बसलं होतं, एक केरबा सोडून. हा केरबा भोळा. किती भोळा? कुणी "थांब जरा" म्हटलं, की "आता जा" म्हणेपर्यंत तिथंच उभा.

जत्रेत मेहबूबचाचांनी खेळाचं एक जुनं यंत्र मांडलं होतं. काचेत विटांनी रचल्यासारखा चौकोनी माणूस आपला आपण पळायचा. आत ढोल वाजायचा. ठोक्याला बटण दाबलं की माणूस उडी मारायचा. ठोका हुकला की माणूस खड्ड्यात, आणि खेळ पुन्हा पहिल्यापासून.

"सोपं आहे," चाचा म्हणाले. "ठोका पडला की उडी."

ठोका पडला. बटण राहिलं बाजूला, केरबानं स्वतःच उडी मारली. काचेतला माणूस खड्ड्यात गेला. चाचांना हसू आवरेना, पुढचं सांगायचं राहिलंच.

"कळलं," म्हणाला केरबा आणि निघाला.

चार दिवसांवर त्याचं लग्न होतं. गावातल्याच येसूमामांची तानी त्याला दिली होती. मामांनी बजावलं होतं, "जावईबापू, दोन घोळ पोटात घालीन. तिसऱ्याला पोरगी मिळायची नाही."

शेजारच्या पारूआत्यांनी त्याला लग्नाचे माठ आणायला कुंभाराकडे धाडलं. केरबानं माठ डोक्यावर घेतले. तेवढ्यात कुंभारानं कच्च्या मडक्यावर फळी थापटली. थप! केरबानं उडी मारली. थप, थप! अजून दोन उड्या. आत्यांच्या हाती खापऱ्या आल्या.

केरबा चाचांकडे गेला. "तुम्ही सांगितलं तसं केलं, आणि माठ फुटले."

"अरे, ठोका ऐकून कुठंही उड्या मारतात का? वाटेत काही आडवं आलं, तरच उडी."

"कळलं."

दुसऱ्या दिवशी तो पत्रिका द्यायला येसूमामांकडे गेला. मामा जेवून दाराशीच चटईवर आडवे झाले होते. केरबानं वहाणा काढल्या, धोतर सावरलं आणि मामांवरून उडी मारली. पत्रिका देवापुढं ठेवली. बाहेर पडताना मामा अजून तिथंच होते. परत उडी.

"दोन!" मामा ओरडले.

"दोन कसे? जाता-येताचा मिळून एकच धरा की."

"एकच धरलाय! पहिला माठांचा!"

केरबा चाचांसमोर जाऊन ढसाढसा रडला. चाचांना दया आली. "रडतोस काय? चुकलं तर चुकलं. घाबरायचं नाही, पहिल्यापासून सुरू करायचं."

"कळलं," केरबानं डोळे पुसले.

मामांच्या दारातल्या मांडवात लग्न लागलं. अक्षता पडल्या. केरबानं उडी मारली नाही की पाय आपटला नाही. मामासुद्धा मिशीत हसले. सप्तपदीच्या तांदळाच्या सहा राशी झाल्या. सातव्या राशीला केरबाचा उजव्याऐवजी डावा पाय पडला.

"असू दे," भटजी म्हणाले. "पुढं चला."

केरबा जागचा हलला नाही. "चुकलं," तो पुटपुटला. त्यानं तानीच्या पदराची गाठ सोडली, मुंडावळ्या काढून भटजींच्या हातात दिल्या आणि मांडवाबाहेर पडला. लोकांना वाटलं, तहान लागली असेल.

केरबा घरी गेला. रोजचा सदरा घातला, भांग पाडला. मग मांडवात येऊन पारूआत्यांना उठवलं, त्यांना घेऊन मामांच्या ओसरीवर गेला आणि गुडघे जुळवून बसला.

"नमस्कार," तो म्हणाला. "मुलगी बघायला आलोय."

वाजंत्र्याची टिपरी वरच्या वर राहिली. मामांनी तिसरं बोट उचललं. पण तानीनं त्यांचा हात धरला. हळदीच्या अंगानं, शालू सावरत ती आत गेली आणि पोह्यांची बशी घेऊन आली.

केरबानं खाली मान घालून विचारलं, "नाव काय तुमचं?"

"तानी."

"स्वयंपाक येतो?"

"येतो. तुम्हाला काय येतं?"

केरबानं पुष्कळ विचार केला. "उडी."

तानी हसता हसता खांबाला टेकली. मग पदर नीट करून म्हणाली, "घरी जावा. विचार करून कळवते."

वाटेनं केरबाचं तोंड एवढंसं झालं. "आत्या, मागच्या वेळी तर लगेच हो म्हणाली होती की!"

पारूआत्या म्हणाल्या, "बाबा, मागच्या वेळी पोरीनं मान वर केली नव्हती. आज तिनं तुला नीट बघितलंय."