डबक्याची निवडणूक

वाघालाही दारोदार मतं मागत फिरावं लागायचं, त्या काळची ही गोष्ट. जंगलात एकाच दिवशी तीन निवडणुका लागल्या: जंगलाचा राजा, डोंगराचा कारभारी आणि पाणवठ्याचा राखणदार. राजा कोण व्हावा यावरून माकडांची डोकी फुटली, सशाने बायकोशी बोलणं टाकलं. कारभाऱ्यासाठीही थोडी आरडाओरड झाली. पाणवठ्याला मात्र उमेदवारच मिळेना.

“त्या डबक्याचं काय एवढं? आत बसलीये तिलाच करा,” कोल्हा म्हणाला.

आत भागी म्हैस बसली होती. ती बिनविरोध निवडून आली. तिला कुणी उठवलंसुद्धा नाही.

वाघ राजा झाला. दिवसभर ढोल बडवून मिरवणूक निघाली आणि घसे कोरडे पडल्यावर पाणवठ्यावर आली. बघतात तर काठोकाठ भागी. पाणी दिसेचना.

“भागीबाई, जरा सरका,” राजा म्हणाला.

“पाच वर्षांनी या,” भागी डोळे न उघडताच म्हणाली. “तोवर इथलं मी बघते.”

“अरे, हिला निवडलं कुणी?” राजा मागे वळून गरजला. सगळे आपापल्या पायांकडे बघू लागले.

“सगळ्यांनी, एकमताने,” भागी म्हणाली, आणि बाहेर राहिलेली शेपटीही तिने आत घेतली.