प्रॉम्प्टर आणि जपानचा चंद्र

"अण्णा, उद्याच्या प्रयोगाला विंगेत बाबूराव राहणार की रंगमंचावर मी? एकच काय ते ठरवा!"

विश्वंभर तावातावाने बोलत होता. अण्णा सतरंजीवर बसून सुपारी कातरत होते. इस्लामपूरची ही नाटक मंडळी त्यांनीच उभी केलेली. असली भांडणं त्यांना नवी नव्हती.

"झालं काय?"

"जपानच्या जुन्या दरबारी कथांवरचं आपलं नाटक. मी हद्दपार झालेला सरदार. समुद्रावर चंद्र उगवतो... आणि मी गप्प. त्या गप्प बसण्यातच सगळं आहे, अण्णा! पुण्याला शिबिर करून शिकलोय मी."

"मग?"

"मग काल रंगीत तालमीत, गावातली माणसं समोर बसलेली असताना, विंगेतून बाबूराव: 'थंडी पडली... थंडी पडली...' मी तरी गप्प. तर हे आणखी मोठ्याने! शेवटी तिसऱ्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, 'आरं, पडली तर पांघर की कायतरी!'"

अण्णांना हसू आलं. ते त्यांनी सुपारीबरोबर चावून टाकलं.

"हसू नका. या भूमिकेसाठी मी मिशी काढलीय."

प्रॉम्प्टर बाबूराव संहितेची वही छातीशी धरून कोपऱ्यात उभे होते. बिचाऱ्यांचा चेहरा पडला होता.

"नट गप्प झाला म्हंजे अडला, अण्णा. मला बघवत न्हाई. जीव कासावीस हुतो."

अण्णा उठले. जुन्या शालूचा शिवलेला सरदाराचा झगा त्यांनी अंगात चढवला.

"बाबूराव, वही उघडा. विश्वंभर, तू त्यांच्या शेजारी बस."

प्लायवूडचा चंद्र अजून रंगायचा होता. अण्णांनी नजर वर पत्र्याकडे लावली.

...

बाबूरावांचं बोट वाक्यावर होतं. त्यांनी तोंड उघडलं. मग त्यांनीही वर पाहिलं, आणि तोंड तसंच उघडं राहिलं.

...

चहावाला आत आला. किटली हातात धरून तोही वर बघू लागला.

...

विश्वंभर चुळबुळला. त्याने बाबूरावांना कोपराने ढोसलं. बाबूराव हलले नाहीत. अण्णांचं वय झालेलं. विसरले असतील तर? चारचौघांत शोभा होईल. त्याला अगदी राहवेना.

"अण्णा..." तो हळूच म्हणाला, "थंडी पडली..."

अण्णांनी नजर खाली आणली. झगा उतरवला, झटकला आणि बाबूरावांच्या खांद्यावर टाकला.

"बाबूराव, उद्या चंद्र तुम्ही बघा. वही याच्याकडे द्या."